आयरिनच्या बोटीचा नवा स्विच

प्रिय आयरिन,

रविवारी तुमच्या पाली गावाहून परतले, तेव्हापासून तुझा एकही फोन उचलला नाही. रागावलेय असं समजू नकोस. फोनवर मी बोलत सुटते, आणि बोलून स्वतःची सुटका करून घ्यायची माझी खोड तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. लिहिताना निदान टाळ्या पडत नाहीत.

तुझ्या भावाने, एरिकने, कॅनडाला जाताना ती शिडाची बोट तुझ्या हवाली केली, त्याला अकरा वर्षं झाली. किनारा सुटेपर्यंत इंजिन, पुढे शीड, हे आपण दोघी धडपडत शिकलो. इंजिनाचा चावीचा स्विच तेव्हाही झिजलेलाच होता. चावी आत दाबायची, किंचित डावीकडे न्यायची आणि मग झटक्यात उजवीकडे. तुला ते कधी साधलं नाही. मला साधलं. तू अख्ख्या गावाला सांगायचीस, "ह्ये इंजिन सुचेताचाच हात वळखतं." भाईंदरपासून मीरा रोडपर्यंत किती सभा गाजवल्या मी, पण त्या एका वाक्याची सर कशालाच आली नाही. दर रविवारी पेणकरपाड्याहून दोन बस बदलून मी कशासाठी यायचे असं तुला वाटतं? समुद्रासाठी? मला अजून लाटेवर मळमळतं.

रुचिताला मीच आणलं, हेच तर गिळवत नाही. बाईने नुसतं गाडीत बसू नये, बॉनेट उघडावं, असं मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठणकावून सांगितलं. भाषण संपल्यावर ही पुढे आली. म्हणाली, "मॅडम, मी पंधरा वर्षं जहाजांची इंजिनंच उघडतेय." मला कोण आनंद! मिरवतच तुझ्याकडे घेऊन आले. तिने चावी दोनदा फिरवून पाहिली आणि सांगितलं, की हा स्विच एक दिवस अडकून बसेल आणि स्टार्टर जाळेल, आधी हा बदलू.

तिचं काम बघत राहावं असं होतं, तेवढं कबूल करते. आधी बॅटरीची जोडणी सोडवली. स्विचमागच्या तिन्ही वायरींना चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन असे आकडे घातले, फोटो काढला आणि मगच नट सैल केला. नव्या स्विचने इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. "आता कोनीबी चालू करील गो सुचेता, तुजी वाट बगाया नको!" तू म्हणालीस. मीही हसले. मग तू माझ्या आवडीचे मैद्याचे गोड फुगे तळलेस आणि उरलेले सगळे तिच्या डब्यात भरलेस. पन्नाशी उलटलेली, भिंतभर पुस्तकं वाचलेली बाई तळलेल्या फुग्यांवरून जळते, आयरिन. जळते! पुढचे तीन रविवार तुमचं दोघींचं तेल, फिल्टर, पंप चाललेलं, आणि मी बाकावर पाहुणीसारखी. मी काही सुचवलं की तू म्हणायचीस, "थांब गो, रुचिताला इचारू."

गेल्या रविवारी तू गावातल्या आठ जणींना फिरवून आणणार होतीस. सगळ्यांच्या घरी होड्या, पण नुसतं फिरायला म्हणून एकीलाही कुणी नेलेलं नव्हतं. ओहोटी लागायच्या आत निघायचं होतं. तू चावी फिरवलीस, दिवा लागला, इंजिन मात्र ढिम्म. रुचिता स्विचमागे बघायला वाकली तर तू तिचा हात झटकलास. "जमत न्हाय तं कशाला हात लावला? व्हता तो बरा व्हता." आठ बायांसमोर. पाणी उतरलं, बोट चिखलात बसली, बाया साड्या गुडघ्यापर्यंत धरून घरी गेल्या. रुचिताने तिच्याकडे असलेली नव्या स्विचची दुसरी चावी तुझ्या हातात ठेवली आणि निघून गेली. अन्याय दिसला की गप्प बसू नका, असं जिने उभा जन्म लोकांना सांगितलं, ती मी तिथेच उभी होते.

आता तुझा मेसेज आलाय, की तू दुसरा मेकॅनिक बघतेयस आणि रुचिताला बोटीवर पाऊल ठेवू देणार नाहीस. म्हणून हे पत्र. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तू चर्चमध्ये मिसाला गेलीस, तेव्हा मी गुपचूप येऊन बोटीवर गेले आणि तीन नंबरची वायर उपसली. तिची चूक नव्हती. माझा बेत एवढाच होता, की तू मला हाक मारशील, मी मागे हात घालून वायर बसवेन आणि इंजिन पुन्हा माझं होईल. पण तू तिच्यावर ओरडलीस, आणि तेव्हा मला बरं वाटलं. वायर उपसण्यापेक्षा ते वाईट. हे पत्र मी टपालात टाकत नाही. रुचिताच्या हातात देतेय, उघडंच. आधी तिने वाचावं, आणि तुझ्यापर्यंत आणायचं की नाही ते तिनेच ठरवावं. तू हे वाचत असशील, तर ती तुझ्या दारात उभी आहे. तिला आत घे. माझं काय करायचं ते नंतर बघ.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
सुचेता