उताऱ्याखालचं नाव

प्रिय मार्सेला,

पत्ता बरोबर आहे की नाही, याची धाकधूक आहेच. तुझ्या भाचीने फोनवर सांगितला, मी लिहून घेतला, तिला परत वाचून दाखवला, तरी ओंटॅरिओत त्याच नावाचं आणखी एखादं गाव निघालं तर काय, असं मनात येत राहतं. हे पत्र दुसऱ्याच कुणा बाईंच्या हाती पडलं असेल तर त्यांनी कृपा करून इथेच थांबावं. तू असशील तर पुढे वाच. मी लॉकी. शाळेच्या खालच्या अंगाला, धक्क्याजवळ राहणारा लॉकी डॅन रोरी. तू आमच्या गावात शिकवायला आलीस तेव्हा मला शाळा सोडून लॉबस्टरच्या बोटीवर जायला लागून बरीच वर्षं झाली होती, म्हणजे विद्यार्थी म्हणून मी तुला आठवणार नाही. दुसऱ्या कशावरून आठवत असेन तर बरं.

तुझे मालक गेल्याचं भाचीकडूनच कळलं. वाईट वाटलं. माझी ॲनीही गेली. गुडघे कुरकुरतात, पण डोळे शाबूत आहेत. मुलगा नील तिकडे पश्चिमेला तेलाच्या कामावर असतो, आणि त्याची मुलगी कर्स्टी लहानपणापासून माझ्याकडेच वाढली. हे पत्र तिच्याबद्दल आहे. ती विद्यापीठात शिकते, मार्सेला! आमच्या घरातलं विद्यापीठात गेलेलं हे पहिलं माणूस. ती बेट सोडून मुख्य भूमीवर गेली त्या दिवसापासून मी रोज बातम्यांत रस्त्यांची हवा बघतो. बर्फ आहे का, धुकं आहे का, कुठे मूससारखं धिप्पाड जनावर रस्त्यात आडवं आलं का. ती म्हणते, “आजोबा, मी होस्टेलमधून वर्गात चालत जाते. मूस काय जिन्यात येणार आहे का?” पण काळजी करायला मूस लागतोच असं नाही.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला आणि आवाजावरूनच मला कळलं. तिने आपल्या बेटावरच्या व्हायोलिनवाल्यांवर निबंध लिहिला होता. प्राध्यापिका लेब्लांक यांनी तो ठेवून घेतला आणि तिला समितीपुढे बोलावलं. आरोप काय, तर वाङ्मयचौर्य. हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता. अर्थ कळल्यावर वाटलं, ऐकला नव्हता तेच बरं होतं. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं. चोरी! आमच्या घरात! निर्णय विरुद्ध गेला तर वर्ष वाया, कदाचित विद्यापीठच सुटेल, असं ती म्हणाली. मी खुर्चीत बसलो होतो तरी पुन्हा बसलो.

तिने घेतलेला उतारा कोणता, ते ऐक. उन्हाळ्यातल्या मेळ्यात, पहिल्या नाचाआधी सभागृहात वाचतात तो. “आमच्याकडे व्हायोलिनला दोन हात आणि एक पाय लागतो. हात सूर काढतात, आणि पाय सांगतो की हा सूर कोणाच्या घरचा.” तोच, शेवटपर्यंत. तू गाव सोडल्यावरही तो दरवर्षी वाचला जातो. लहान मुलं पुटपुटत साथ देतात. वाचणारा चुकला तर मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या त्याला सुधारतात. कर्स्टीला तो बोलायला लागल्यापासून पाठ आहे. तिने तो निबंधात घातला, थोडे शब्द इकडचे तिकडे केले, आणि खाली कुणाचंच नाव घातलं नाही. चर्चने मेळ्याच्या जुन्या पुस्तिका संगणकावर चढवल्या आहेत म्हणे. विद्यापीठाच्या यंत्राने निबंध वाचला आणि मूळ उतारा जसाच्या तसा समोर काढून ठेवला.

आता तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. सभागृहात कुणी वाजवायला उठला आणि “ही चाल अमक्याची” असं म्हणाला, तर काय होतं? मागच्या वर्षी एका नव्या पोराने तसं केलं. बोटवाला सँडी मागून ओरडला, “अरे बाबा, आम्ही काय जहाजातून आत्ता उतरलो का? आम्हाला ठाऊक नाही ही चाल कोणाची?” सगळं सभागृह हसलं. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते सांगणं म्हणजे ऐकणाऱ्याला परका ठरवणं. कर्स्टी त्याच सभागृहात वाढली. त्याच सवयीने तिने निबंधात नाव गाळलं, दुसरं काही नाही.

मी मात्र घाबरून तिला नको ते सल्ले दिले. आधी म्हणालो, “सांग की आजोबांनी तोंडी सांगितलं. तोंडी सांगितलेलं कुठे कुणाचं असतं?” मग म्हणालो, “अजून थोडे शब्द बदल. वाक्यं उलटीसुलटी कर. यंत्राला काय कळतंय!” ती म्हणाली, “आजोबा, सँडीकाकांची बोट रात्रीत सोडवून आणली आणि तिला हिरवा रंग दिला, तर ती आपली होते का?” मी म्हटलं, “सँडीची बोट? ती फुकट दिली तरी नको.” ती हसली, रडता रडता. मग म्हणाली, “मी शब्द बदलले तेच जास्त वाईट झालं. जसंच्या तसं ठेवून अवतरणचिन्हं घातली असती आणि खाली नाव दिलं असतं, तर काही बिघडत नव्हतं. विचार दुसऱ्याचा आणि शब्द माझे, तरी नाव द्यावंच लागतं. हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मला वाटलं, हे पुस्तकांसाठी असतं, घरच्यासाठी नाही.”

सुनावणीला सोबत एक माणूस चालतो. ती मैत्रिणीला नेईल असं वाटलं होतं, तिने मला नेलं. मी ॲनीच्या अंत्यविधीचा सूट घातला, आणि वाटेत तो तसला सूट आहे हे आठवून आणखी घाबरलो. टेबलापलीकडे तिघं बसले होते. लेब्लांकबाईंनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, लॉकी डॅन रोरी. त्यांनी विचारलं, “यातलं आडनाव कुठलं?” कर्स्टी म्हणाली, “कुठलंच नाही. पहिलं त्यांचं, दुसरं त्यांच्या वडिलांचं, तिसरं आजोबांचं.” बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “म्हणजे तुम्ही लोक माणूस कुठून आला ते त्याच्या नावातच सांगता, आणि निबंधात नेमकं विसरता?” मला वाटलं, संपलं. पण बाजूचे दोघं हसले आणि कर्स्टीही लाजून हसली.

मग बाईंनी सरळ विचारलं, “का नाही दिलंस नाव?” तिला वाट होती, मार्सेला. आमची रीतच तशी, असं म्हणून ती सुटू शकली असती, आणि ते खोटंही नव्हतं. ती म्हणाली, “आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे, तिथे नाव सांगितलं तर लोक हसतात. पण मी इथे लिहीत होते. इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्याला ते माझंच वाटणार हे मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडं कळतही होतं. वाक्य सुंदर होतं, आणि ते माझं वाटलं तर मला आवडणार होतं.” मी बोटीवर भल्याभल्यांना लाटेसमोर मान वळवताना बघितलंय. ही वळवत नव्हती. तिच्यावर चोरीचा आरोप होता आणि मी अभिमानाने इतका फुगलो होतो की सूटचं बटण तुटेल अशी भीती वाटली. हे तुला सोडून कुणाला सांगितलं नाही. सँडीला सांगितलं, पण तो बहिरा झालाय.

विद्यापीठ सुटलं नाही. त्या निबंधाला शून्य मिळालं, तशी नोंद झाली, आणि तोच निबंध पुन्हा लिहायची संधी दिली, प्रत्येक उसन्या गोष्टीचा मूळ धनी सांगून. कर्स्टी घरी आली आणि दारोदार फिरली. ही चाल कोणाकडून घेतलीत, तो पाय असा कोण मारायचा, हे तुम्हाला कोणी सांगितलं. लोकांनी आधी चेष्टा केली, “काय गं, पोलिसात लागलीस का?” मग चहा आणि ओटची बिस्किटं पुढे आली, आणि पन्नास वर्षांपूर्वी मेलेली माणसं एकेक करून स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली. नवा निबंध पहिल्यापेक्षा दुप्पट झालाय. निम्मा भाग तळटिपांचाच आहे, आणि त्या वाचायलाच मला जास्त आवडतं. त्यात माझे वडीलही आहेत. मधली वाक्यं मात्र आता तिची स्वतःची आहेत. कुठे दुसऱ्याचं संपतं आणि कुठे तिचं सुरू होतं, ते माझ्यासारख्या सहावीत शाळा सोडलेल्यालाही दिसतं. तिचं जे आहे ते चांगलं आहे, मार्सेला. तू मास्तरीण आहेस, तुला आवडेल.

एकच जागा अडली आहे. तो उतारा कोणी लिहिला, असं तिने सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, फादर हेक्टर. पुस्तिका त्यांची, पहिल्यांदा वाचला त्यांनी, मग दुसरं कोण? ती त्यांचं नाव लिहायला बसली आणि मी उठून चूल बघायला गेलो. चूल पेटलेलीच नव्हती. परत येऊन म्हणालो, “तिथे इतक्यात कुणाचं नाव टाकू नकोस. एकाला विचारायचंय.” “कुणाला?” “ते तुला सांगू का, तेच तर विचारायचंय.” पोरीने ती जागा कोरी ठेवली.

तू इथे शिकवायचीस त्या हिवाळ्यात शाळेत लाकडं टाकायला मी यायचो, तेव्हा तू त्या उताऱ्याचं एकेक वाक्य लिहून, मोठ्याने वाचून माझ्या तोंडाकडे बघायचीस. मी डोकं खाजवलं की ते वाक्य खोडायचीस. फादरांनी तो आपलाच असल्यासारखा वाचला, तेव्हा तू मला म्हणालीस, “राहू दे, लॉकी. माझं नाव असतं तर कुणी ऐकलं नसतं.” कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं, आणि ॲनीलाही सांगितलं नाही. पण आता एक मुलगी, मी जिला वाढवलं ती, खरं तेच लिहायचं ठरवून बसली आहे, आणि मी गप्प बसलो तर तिच्या निबंधात खोटं जाईल. तू नको म्हणालीस तर ती ‘लेखक अज्ञात’ असं लिहील. तिच्यापुरतं ते खरं असेल, माझ्यापुरतं नसेल. म्हणून तुझी परवानगी मागायला हे लिहितोय. महिनाअखेरीच्या आत कळव, टपालाला उशीर होतो, शक्य असेल तर फोनच कर. आणि नाव कोणतं लिहायचं, इथे होतीस तेव्हाचं की लग्नानंतरचं, तेही सांग. पाकिटावरचं नाव पोस्टातल्या बाईकडून लिहून घेतलंय. माझ्या हाताला अजून तेव्हाचंच येतं.

उत्तराची काळजी आतापासूनच करत बसलेला,
तुझाच
लॉकी