सुरवंट-टोपांची पलटण

२ सप्टेंबर
आज जतनकार म्हणून रुजू झाले. उत्तरेतल्या ब्रेमेनहून इथे बव्हेरियात सहा तासांचा प्रवास झाला, पण संग्रहालयाच्या माडीवर मिळालेली खोली भरपूर उजेडाची आहे आणि खिडकीखाली पिकलेल्या नासपतीचं झाड आहे. आधीच्या दोन्ही नोकऱ्या वर्षभराच्या होत्या. ही कायमची. अट एकच: गावजत्रेच्या रविवारी, बारा ऑक्टोबरला, बव्हेरियन पलटण काचेमागे पूर्ण उभी हवी. शिशाचे दोनशे अडतीस शिपाई, बोटभर उंचीचे. फिकट निळा कोट, डोक्यावर काळ्या लोकरी तुऱ्याचा टोप. त्या तुऱ्याला इथे सगळे सुरवंटच म्हणतात. १८१२ साली रशियाच्या स्वारीवर गेलेले या गावचे जितके परतले नाहीत, तितके शिपाई.

४ सप्टेंबर
कपाटं उघडली. सगळी ओकची. ओकमधून आंबट वाफ सुटते आणि बंद कपाटात शिसं तिने सडतं. शिपायांचे चेहरे सुजलेले, रंगाखालून पांढरे पापुद्रे सुटलेले, खपली सोलल्यासारखे. सुरवंट खरोखरच सुरवंटांसारखे केसाळ झालेत. अकरा शिपाई पूर्ण गेले. एकाला चिमटा लावला तर पोटातून पांढरा भुगा सांडला. हातमोजे घातले, मुखपट्टी बांधली, उरलेल्या दोनशे सत्तावीसांची वजनं नोंदवली. सरासरी एक्केचाळीस ग्रॅम. सगळे नव्या पोलादी कपाटांत हलवले.

७ सप्टेंबर
कुनिगुंड झाप्फबाई कॉफी आणि प्लमचा केक घेऊन आल्या. वय एक्याऐंशी. अडतीस वर्षं हे शिपाई त्याच रंगवत आल्या. माझे हातमोजे पाहून म्हणाल्या, मोजे घालून डोळा रंगवलास तर शिपाई आंधळा होईल, पोरी. मग ब्रश ओठांत धरून त्याला टोक आणलं आणि तो माझ्यासमोर धरला. टोकाला लाळेचा धागा लोंबत होता. शिसं विषारी असतं, मी म्हटलं. विष असतं तर मी इथे बडबडत असते का? तुम्हा उत्तरेकडच्यांना तोंड देवाने नुसतं मिटून ठेवायला दिलंय. बाई हसल्या. तोंडात एकही दात नाही. हिरड्या पाटीच्या रंगाच्या.
केक मी खाल्ला नाही.

११ सप्टेंबर
डोळ्याचा ठिपका पाव मिलिमीटरचा. माझा ब्रश फाकतो. नऊ प्रयत्न वाया गेल्यावर मी तो एकदा, एकदाच, ओठांत धरला. टोक अचूक आलं.
चव गोड. ते शिशाचं मीठ आहे आणि ते गोड लागतं, हे मला परीक्षेसाठी पाठ होतं. तीनदा चूळ भरली. पुन्हा करायचं नाही.

१८ सप्टेंबर
पुन्हा केलं. साठ शिपायांचे डोळे झाले.
साफ केलेल्यांवर पोलादी कपाटातही पांढरं परत उगवतंय. सरासरी वजन छत्तीस ग्रॅम. गंज चढला की वजन वाढतं, घटत नाही. तराजू प्रमाण वजनं घालून तपासला. तराजू बरोबर आहे.

२५ सप्टेंबर
माझ्या हिरड्यांच्या कडेला निळसर राखाडी रेघ. पाव पुठ्ठ्यासारखा लागतो, तीन घासांनंतर उलटतो. आज भानावर आले तेव्हा ब्रश टेबलावर होता आणि एकशे बारा क्रमांकाचा शिपाई माझ्या तोंडात. त्याच्या गालाचा पापुद्रा जिभेला चिकटला होता. थुंकायला हवं होतं.
गिळला.

३० सप्टेंबर
सरासरी एकतीस. दोनशे सत्तावीस शिपायांमधून सव्वादोन किलोच्या वर शिसं नाहीसं झालंय.
आले तेव्हा माझं वजन ५४.१ किलो होतं. आज ५६.४. पंधरा दिवस मी धड जेवलेले नाही.

३ ऑक्टोबर
नोकरी गेली तरी चालेल म्हणून ब्रेमेनची गाडी पकडली. बांबेर्ग स्टेशनपर्यंत लाळ आटली, जीभ टाळूला चिकटली. डब्यात लोकांसमोर खिडकीच्या चौकटीचा जुना, शिशाचा रंग चाटला. उतरले. परत आले.
झाप्फबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, गोडाची सवय अशीच असते बाई.

७ ऑक्टोबर
दाढ पडली. रक्त नाही. राखाडी, मऊ. नखाने ओरखडलं तर आतून चकाकली. वजन एक्केचाळीस ग्रॅम. दाढेएवढ्या शिशाचंही इतकं भरत नाही. चार वेळा तोलली.
झाप्फबाईंना नवल वाटलं नाही. त्यांनी साठ क्रमांकाचा शिपाई उलटा केला. तळाला कोरलेलं: गुंडी, खालचा सुळा. गुंडी म्हणजे कुनिगुंड, त्यांचंच लाडकं नाव. त्याच्या शेजारच्याखाली: गुंडी, अक्कलदाढ. शिपाई कमी पडले की आम्ही असेच भरतो, म्हणाल्या. त्यांनी दिलेलं त्यांनाच परत. आमच्याकडे काही वाया जात नाही, पोरी.
दाढ त्यांनी एप्रनच्या खिशात टाकली.
पलटणीत अकरा शिपाई कमी आहेत.

१० ऑक्टोबर
एकूण सात दात पडले. सात शिपाई ओतले. डोळे मीच रंगवले— छान आलेत.
दवाखान्यात फोन केला. माझं बोलणं पलीकडे कळेना. ओठ आत वळतात.
अजून चार हवेत. बाकीचे दात घट्ट आहेत. घट्टच राहू देत.

१२ ऑक्टोबर, सकाळ
घंटा. खाली जत्रेचा बँड. दहाला दारं उघडणार.
झाप्फबाई आल्यात. कॉफी, केक, साचा. चुलीवर ओतायची पळी तापतेय. पक्कड उकळून आणली म्हणाल्या, मी काही अडाणी नाही.
आ कर, पोरी. बँड वाजतोय तोवर.
नाही. दात आवळून धरलेत. हात लिहितोय तोवर तोंड माझं—
त्यांनी ब्रश पांढऱ्या भुग्यात बुडवला. माझ्या ओठांवरून हलकेच—
गोड.
मी उघडलं नाही. मी उघडलेलं नाही, ते आपोआप—