दोर कच्चा नव्हता

मी, खाली सही करणारी, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा दोर वळणे, राहणार कड्याखालची वस्ती, हे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत आणि उजव्या हाताची दोन बोटे मिटत नाहीत, पण मृत्युपत्राला त्यांची गरज नसते असे मास्तर म्हणाले. मला कोणी दम दिलेला नाही. कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. गोड बोलायला या दारात फारसे कोणी येतच नाही. वस्तीत मला दोरवाली म्हणतात आणि गेली सव्वीस वर्षे ते नाव चांगल्या अर्थाने घेतले जात नाही.

शाळेच्या निवृत्त मास्तरांनी कलमांची भाषा नीट करून दिली. रागाची भाषा माझी आहे. ती गाळा असे ते म्हणाले. मी गाळलेली नाही.

कलम १. राहते घर, दगडी जोत्याचे, दोन खोल्या व मागची लांब पडवी, हे माझ्या एकुलत्या लेकीला द्यावे. ती ते मागणार नाही. तरी ते तिचे, कारण तिच्या बापाने बांधले. दोर वळताना पीळ देत मागे मागे चालत जावे लागते, म्हणून त्याने पडवी तीस पावलांची ठेवली. लोक हसले होते, माणसांना दोन खोल्या आणि दोराला एवढी जागा! तो म्हणाला होता, "मी दोराला लोंबकळतो, खोलीला नाही."

हे घर लेकीने थोरल्या काकांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिराला किंवा त्याच्या मुलांना विकू नये, भाड्याने देऊ नये, दोन दिवस वापरायलाही देऊ नये. त्याला इथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. तीन वर्षे तो हे सगळीकडे सांगत फिरतो. दुसऱ्याच्या मरणाची वाट बघणारा माणूस निदान हळू आवाजात तरी बोलतो.

कलम २. सदर थोरला दीर, माझ्या नवऱ्याचा सख्खा भाऊ, यास माझ्या मालमत्तेतील काडीही मिळू नये. समोर आला की मी त्याला आजही अहोजाहो करते, जिभेला तसे वळण आहे. कागदाला नाही.

कारण नोंदवते.

कड्यावर आग्या माश्या पोळी लावतात. माझा नवरा मी वळलेल्या दोरावरून खाली उतरून मध काढत असे. ओढ्याकाठच्या झाडांची अंतरसाल काढायची, वाहत्या पाण्यात दगडाखाली वीस दिवस दाबून ठेवायची, लाकडी मोगरीने कुटायची, केसांसारखी विंचरायची, मग तीन पेड वळून एकत्र पिळायचे. असा दोर ओझ्याने तुटत नाही. धारेवर घासून तुटतो. म्हणून कड्याच्या कडेला दोराखाली जाड कातडे घालतात आणि एक माणूस वर बसून फक्त त्या कातड्याकडे बघतो. दुसरे काही करायचे नसते. सव्वीस वर्षांपूर्वी तो माणूस थोरला दीर होता.

मी कड्याच्या पायथ्याशी टोपले घेऊन उभी होते. पुढचे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सगळी वस्ती जमली. हा उभा राहिला आणि म्हणाला, "दोर कच्चा होता." एवढेच. मग लोकांनी आपापल्या घरातले माझे दोर आणून माझ्या अंगणात टाकले. कोणी ओरडले नाही, कोणी शिवी दिली नाही. एकेक जण यायचा, टाकायचा, जायचा. त्यानंतर माझा दोर कड्यावर गेला नाही. गुरे बांधायला गेला. लेक नऊ वर्षांची होती. "तुझं मन थाऱ्यावर नाही, पोरगी आमच्याकडे राहू दे," असे म्हणून हाच तिला घेऊन गेला. त्याने तिला वाढवले, तिचे लग्न लावले. ती त्याला देव मानते.

आणि सगळ्यांत वाईट हे की दोर कच्चा होता असे मीही मानले. कुठली साल कोवळी राहिली असेल, कुठला पेड सैल गेला असेल, हे मी बारा वर्षे आठवत बसले. या हातांनी नवरा मारला असे समजून याच हातांनी जेवले.

कलम ३. खालच्या शहरातील डोंगरी कलांच्या संग्रहालयास माझ्याकडील काहीही देऊ नये. त्यांची तीन पत्रे ट्रंकेत आहेत. माझा सर्वांत लांब दोर आणि दोर वळायची फिरकी त्यांना काचेच्या पेटीत ठेवायची आहे. दोर काचेत ठेवायचा म्हणजे गायकाचे तोंड बांधून त्याला खुर्चीवर बसवायचे. चूल पेटवायला वापरा, पण त्यांना देऊ नका.

त्याच संग्रहालयात, चौदा वर्षांपूर्वी, मला दोर वळून दाखवायला बोलावले होते. त्यांनी मला चटईवर बसवले आणि "बोला आजी" म्हणाले. तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. समोरच्या भिंतीवर दाराएवढा फोटो होता. कड्याच्या कडेवर माझा नवरा, अर्धा खाली, अर्धा वर, हसतोय. तो पडला त्या दिवशी डोंगरी लोकांवर पुस्तक करणारा एक फोटोवाला वर गेला होता हे मला माहीत होते. त्याने काय टिपले ते माहीत नव्हते. फोटोत दोर उघड्या दगडाच्या धारेवर ताणलेला आहे. कातडे घडी करून बाजूला पडले आहे. आणि त्या घडीवर थोरल्या दिराचा पाय आहे.

मी संग्रहालयाच्या बाईंना विचारले, "ते कातडं काढलेलं का आहे?"

त्या म्हणाल्या, "दोर छान दिसावा म्हणून असेल. या फोटोला मोठं बक्षीस मिळालंय, आजी."

मी तिथून चालत निघाले. वस्तीत पोहोचले तेव्हा थोरला दीर त्याच्या अंगणात पाय धूत होता. मी विचारले, "भाऊजी, कातडं कुठे होतं?"

त्याने तांब्या खाली ठेवला. कुठले कातडे, असे विचारले नाही. म्हणाला, "कशाला जुनी मढी उकरतेस?"

"चारचौघांत सांगा. बाकी काही मागत नाही."

"सांगितलं तर मला या वस्तीत तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मला राहिली होती का?"

तो पाय पुसून आत गेला. त्या गोष्टीला चौदा वर्षे झाली. मी लेकीला सांगायला गेले. ती म्हणाली, "आई, तुला फोटोत जे बघायचंय तेच दिसतंय." चहा मात्र दिला. तो मी घेतला नाही.

सदर फोटो काढून टाकू नये. त्याच्याखालची पाटी बदलावी. सध्या तिथे "डोंगरी माणसाचे धाडस" असे आहे. मास्तरांनी पत्र लिहून पुढील मजकूर लावून घ्यावा : "दोर दगडावर टेकला आहे. कातडे बाजूला आहे. हा माणूस थोड्याच वेळात पडला. दोर चांगला होता."

कलम ४. दोर वळण्याची फिरकी, तीन खाचांचा ठोकळा, दोन मोगऱ्या, विंचरायची फणी आणि ओढ्याकाठची सतरा झाडे थोरल्या दिराच्या धाकट्या सुनेला द्यावीत. तिच्या स्वतःच्या नावे. नवऱ्याच्या नाही, सासऱ्याच्या तर मुळीच नाही.

वाचणारे चमकतील. ही मुलगी सहा वर्षांपूर्वी आमची चाळण परत करायला आली. चाळण आमची नव्हती. ती पडवीत उभी राहून माझे हात बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा चाळण. चौथ्या दिवशी मी म्हटले, "चाळण ठेव आणि हे टोक धर."

"घरी कळलं तर मला उभं कापतील," ती म्हणाली, पण टोक धरले.

तिचा पीळ अजून डावीकडे सैल जातो. सांगितले की तोंड वाकडे करते. तिला लिहून ठेवते : झाडाची साल सगळीकडून गोल काढू नकोस, झाड मरते. एका बाजूने हातभर काढ, मग त्या झाडाला चार वर्षे हात लावू नकोस. ही झाडे फुलतात म्हणून माश्या कड्यावर येतात. तुझ्या सासऱ्याला गाड्या उभ्या करायला तिथे जागा हवी आहे. एक जरी झाड पडले, तर त्याच्याशी बोलणे टाक.

कलम ५. पोस्टात जे काही शिल्लक असेल ते शाळेच्या छपराला लावावे. ज्या शाळेत माझ्या लेकीला "कच्चा दोर" म्हणून चिडवले तिलाच का, असे कोणी विचारील. छप्पर गळते म्हणून. आणि पोरे घरी ऐकतात तेच शाळेत बोलतात.

कलम ६. मला उचलून नेताना थोरल्या दिराने हात लावू नये. मला बांधायला माझा दोर वापरू नये, तो कामाचा आहे. कोणी माझ्याबद्दल चांगले बोलू लागल्यास मास्तरांनी त्यांना थांबवून हा कागद वाचावा.

दिनांक २३ मार्च, राहत्या घरी.

पुरवणी, दिनांक २५ मार्च. दुसरे साक्षीदार म्हणून पोस्टमन येणार होते. दरड कोसळून वाट बंद झाली, ते आले नाहीत. दुपारी थोरला दीर आला. सुनेने सांगितले असावे. उंबऱ्यावर बसला आणि मास्तरांना म्हणाला, "वाचा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. सगळे वाचून झाले. तो म्हणाला, "तिसरं कलम परत वाचा." परत वाचले.

मग म्हणाला, "त्यात थोडं राहिलंय. फोटोवाला म्हणाला, फोटोपुरतं कातडं काढा. काढलं. फोटो झाला. मी परत घालणारच होतो. पण मी त्याच्याकडे कॅमेरा मागितला. कसं दिसतं ते बघायला. भाऊ पडला तेव्हा मी त्यातून बघत होतो." आणि म्हणाला, "हे पण लिहा."

ते लिहिले आहे. त्यामुळे वरील एकही कलम मी बदललेले नाही, आणि त्याला पाणीही विचारलेले नाही.

"साक्षीदार मी होतो," तो म्हणाला. "सही कुठे करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली. त्याने केली. नाव वाचता येते. उठताना म्हणाला, "पोरीला याची प्रत मी नेऊन देतो. मीच सांगतो तिला."

"नको," मी म्हटले. "वाट मोकळी झाली की पोस्टाने जाईल. तुमच्या हातात मी पुन्हा काही सोपवणार नाही."

लिहून देणार : दोरवाली (सही)

साक्षीदार :
१. शाळेचे निवृत्त मास्तर (सही)
२. लिहून देणारीच्या मयत नवऱ्याचा थोरला भाऊ (सही)

स्थळ : कड्याखालची वस्ती