राजपुत्रांचा तक्ता आणि आपले पणजोबा

बाबा, तुमचा तो युरोपातल्या राजघराण्याचा तक्ता तुम्ही गेल्यानंतर आज पहिल्यांदा कपाटावरून खाली काढला आणि तुमच्यावर इतकी चिडले की विचारू नका. डोंगरातलं एक चिमुकलं राज्य, आपल्या उमरखेड तालुक्याहूनही लहान असेल, आणि त्याच्या अकरा पिढ्या तुम्ही ढाणकीच्या शाळेत इतिहास शिकवता शिकवता कार्डशीटवर उतरवल्यात. थोरली शाखा कोणती, धाकटी कोणती, कोण प्रिन्स, कोण नुसता काउंट. अहो, कोणी विचारलं होतं? आई तव्यावर भाकरी टाकत म्हणायची, यांच्याकडून एखादं लग्नाचं बोलावणं तरी येऊ द्या.

आणि माझ्यावर मात्र केवढी सक्ती! मी चौथीत. स्वयंपाकघरात जमिनीवर तक्ता पसरलेला, माझं अक्षर चांगलं म्हणून नावं मी लिहितेय. एका राजपुत्रानं साध्या घरातली मुलगी केली होती, त्याच्या नावामागेही मी प्रिन्स लिहिलं. तुम्ही लाल पेननं ते खोडलंत. पदवी गेली त्याची, म्हणालात, चुकीचं लिहू नको. मी रडकुंडीला आले तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "पाह्य पोरी, एका कागदानं राजपुत्राचा साधा माणूस होऊन जाते. आपल्याले मात्र बौद्ध होऊनही जात कागदावर लिहाच लागते."

लिहावीच लागते, बाबा. तुमच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, पण जात पडताळणी अडली आहे. पंधरा दिवसांत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर जागा जाईल. पोरगी सकाळपासून जेवलेली नाही. मी तिला एकटीनं वाढवली, म्हणून तिचा दाखला माझ्या माहेरच्या कागदांवरच काढलाय. अडलं कशावर? तर वंशावळीवर! माझ्या दाखल्याच्या वेळी तुम्ही भरून दिलेल्या वंशावळीत पणजोबांचं एक नाव आहे आणि गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, कोतवाल बुकाच्या, नकलेत दुसरंच. परक्यांच्या अकरा पिढ्या बिनचूक आणि आपली तिसरीच पिढी चुकलेली. सांगा, मी कुठे डोकं आपटू?

ही चूक कुठून आली ते मला ठाऊक आहे. मी चौथीत असतानाच एकदा आजी अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. तुम्ही म्हणालात, वही घे, आता आपलाही तक्ता करू. सासऱ्याचं नाव घेताना आजीनं पदर पुढे ओढला, हळू आवाजात सांगितलं. गावानं हाक मारायला ठेवलेलं, दगडधोंड्याचं नाव. वर्गात कोणी वाचलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी ते लिहिलं नाही. मनानंच एक भारदस्त नाव लिहिलं आणि पुढे सिंह जोडलं, कारण राजांच्या घरात असंच काहीतरी असतं असं मला वाटत होतं.

आजीला वाचता येत नव्हतं. तुम्हाला येत होतं. तुम्ही वही हातात घेतलीत, त्या ओळीवर थांबलात, लाल पेनचं टोपण काढलंत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, टोपण परत लावलंत आणि आजीला म्हणालात, "चांगलं लिहिलं वो पोरीनं." काहून सोडलंत, बाबा? परक्या राजपुत्राची पदवी तुम्हाला चालली नाही आणि घरचं धडधडीत खोटं चाललं? वरून पुढे माझ्या दाखल्याच्या अर्जातही तेच नाव त्याच वहीतून उतरवलंत. एक रेघ मारायची होती हो फक्त.

उद्या मी ती रेघ मारणार आहे. प्रतिज्ञापत्रावर आजीनं सांगितलेलं नाव लिहीन, पूर्ण, कोतवाल बुकात आहे तसं. लेकीला ते नाव सांगितलं तर ती म्हणाली, बरं आहे की, यात लपवायचं काय? मी बसून वहीतलं ते सिंहवालं नाव पाहत राहिले. आपल्या घराला कोणीतरी फुकटात दिलेली ती एकच पदवी होती, आणि ती तुम्ही दोन मिनिटं विचार करून राहू दिली होती.

हे पत्र मी तक्त्याच्या गुंडाळीत घालून परत कपाटावर ठेवणार. पण एक सांगून टाकते. आज सेतू केंद्रातल्या बाईंनी विचारलं, ही चूक कोणी केली? मी म्हटलं, वडिलांनी.