उजव्या कानातला आवाज

३ डिसेंबर, बुधवार

उजवा कान गेला! माझा नव्हे, हेडफोनचा. वायर वाकडी करून, खुर्चीच्या दांड्याला गुंडाळून धरली की दोन मिनिटं चालतो, मग पुन्हा ठप्प.

आणि आज पायलचा फोन. पुण्याच्या ऑफिसात बसते, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण कामाची बॉस. मी मुलाखती ऐकून टाइप करते, ती तपासते. "मंजुषाताई, सात एकरचे तुम्ही साठ केलेत. तो शेतकरी वाचून घाबरला ना!" हसत म्हणाली, पण पुढचं वाक्य हसत नव्हतं — "अजून एकदा असं झालं तर वरून विचारतील."

एका कानाने सात आणि साठ सारखेच ऐकू येतात. हे तिला कसं सांगू?

४ डिसेंबर

चिकटपट्टी लावून पाहिली. नाही.

६ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस फक्त किमती बघतेय. आहे तसाच घेतला तर सात-आठशे. वर्षभरात पुन्हा हेच. चांगला, स्टुडिओत वापरतात तसला, साडेपाच हजारांच्या पुढे. माझ्याकडे बाजूला ठेवलेले सहा हजार आहेत, पण ते गीझरचे. थंडी सुरू झालीय आणि आईचे गुडघे सकाळी वळत नाहीत. मी कानासाठी आईचं गरम पाणी काढून घेऊ?

आईला विचारलं तर म्हणते, "एक कान चालतोय ना? मग दुसऱ्याचं काय अडलंय?"

मधेच रवीचा फोन, सायखेड्याहून. माझा धाकटा भाऊ आता शेतीबरोबर गावच्या भजनी मंडळाचाही कारभारी झालाय. "ताई, अठ्ठावीसला सभागृहाचं उद्घाटन. 'वाल्मीक अण्णा भजन सभागृह'! अण्णांची कॅसेट लावायचीय लाउडस्पीकरवर. फाइल तुला पाठवलेलीच हे, जरा साफ करून दे. खरखर लय हे."

एका कानाने साफ करू? हो म्हटलं. अण्णांना, आमच्या वडिलांना, जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्या कामाला नाही कसं म्हणायचं.

८ डिसेंबर, सोमवार

क्रमाने लिहिते.

एम. जी. रोडच्या गल्लीतल्या दुकानात गेले. रुद्र म्हणून तिशीचा माणूस, दुकान त्याचंच. मी म्हटलं, घ्यायचा की नाही ते ठरलेलं नाही, आधीच सांगते. तो म्हणाला, "काही हरकत नाही, मॅडम. तुम्हाला पाठ असलेलं काहीतरी लावा. अनोळखी गाण्यावर फरक कळत नाही."

मला पाठ काय आहे? अण्णांची कॅसेट. पंच्याण्णव सालची. इथेच नाशिकात, एका खोलीवजा स्टुडिओत केलेली, सायखेड्याच्या आसपास शे-दोनशे घरांत तरी वाजलेली. तिच्यातला तिसरा अभंग. शेवटच्या चरणात अण्णांचा आवाज जिथे वर जातो, तिथे लोक टाळ थांबवून बघत राहायचे म्हणे. लहानपणापासून मी ती ओळ ऐकत आलेय — टेपवर, मग फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाक करताना, कपडे घडी करताना. कानात घालून कधीच नाही.

रुद्रने मोठा काळा हेडफोन कानांवर चढवला. पहिल्याच क्षणी अण्णा डावीकडे येऊन बसले! अगदी जवळ. ओठ उघडल्याचासुद्धा आवाज. पखवाज मधे, टाळ मागे. माझ्या डोळ्यांत पाणी. ठीक आहे, गीझर पुढच्या महिन्यात, असं मनात म्हणालेसुद्धा.

मग ती ओळ आली.

आणि अण्णा थांबले.

खरंच थांबले. डावीकडे नुसता श्वास. एक बारीक खोकला, दाबलेला. आणि ती ओळ उजवीकडून आली! वर, आणखी वर, न फाटता, सरळ. दुसरंच कुणीतरी गात होतं. ओळ खाली उतरली तसे अण्णा पुन्हा सामील झाले, जणू काही झालंच नाही.

मी हेडफोन काढला. पुन्हा घातला. पुन्हा तेच. पाच वेळा.

"काय झालं?" रुद्र विचारतोय. मी म्हटलं, "हा उजवीकडचा आवाज कुणाचा आहे?" त्याने ऐकलं. सहज म्हणाला, "बाई आहे ना कुणीतरी. छान गातात."

बाई!

दुकानात लोकांना हाताळायला ठेवलेला नग होता, तो बेचाळीसशेला दिला. फोनला जोडायची पिन वर फुकट. "गुरुवारपर्यंत परत आणलात तर पैसे देईन." म्हणजे अजून ठरलेलं नाहीच. तीन दिवस आहेत.

९ डिसेंबर

आज काम शून्य. सगळी कॅसेट ऐकली. आठ अभंग. पाचांत ती आहे. जिथे जिथे अवघड, तिथे तिथे ती. अण्णा सोप्या जागी.

कॅसेटच्या कागदावरची नावं आठवून पाहिली. गायक वाल्मीक, पखवाज सहादू, टाळकरी सहा. सगळे पुरुष.

आईच असणार. दुसरं कोण? म्हणूनच ती कधी गुणगुणतसुद्धा नाही. अण्णांचं नाव व्हावं म्हणून गप्प बसली असणार तीस वर्षं. दुपारी ती गॅलरीत मेथी निवडत होती, मी मागे उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होते. माझी आई! केवढा आवाज गिळून बसलीय ही बाई!

उद्या विचारते.

१० डिसेंबर, बुधवार

चहा झाल्यावर आईच्या डोक्यावर हेडफोन चढवला. आधी हसली — "हे काय गं, मोटारसायकलवाल्यासारखं?" मग अभंग सुरू झाला. हसू थांबलं. ती ओळ आली तेव्हा तिने डोळे मिटले.

संपल्यावर हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "आई, तू एवढं गायचीस? मला कधी सांगितलं नाहीस!"

"मी? मला कुठं गाता येतं."

"मग कोण?"

आई भिंतीकडे बघत, "वन्सं हायेत त्या. सुलाबाई."

सुलाआत्या! अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन आमच्याकडेच परत आलेली. मला तिचे खरखरीत हात आठवतात. वेणी घालताना ओढायची. मी चौथीत होते तेव्हा ती दिसेनाशी झाली. आईने सांगितलं होतं की सासरी गेली, तिकडेच आजारी पडून वारली.

"आत्या कॅसेटमध्ये कशी?"

"तिनंच शिकवलं त्यांना गायला. त्यांचा गळा खालचा, वर जायचा नाय. पण मंडळ पुरुषांचं. त्यात बाई कशी घेणार, अन् तीबी पांढऱ्या कपाळाची? मग स्टुडिओत तिला कोपऱ्यात बसवली. टाळ धरायला आली म्हणून सांगितलं गावात सगळ्यांना."

मग पुढचं सांगितलं. कॅसेट गाजली. पुढच्या वर्षी सप्ताहात लोकांनी हट्ट धरला, तोच अभंग होऊ द्या. अण्णा गायला उभे राहिले. ती ओळ आली. आवाज निघेना. एकदा, दोनदा. माणसं हसायला लागली. आणि बायकांच्या घोळक्यातून सुलाआत्याने बसल्या जागी ती ओळ उचलली. सगळ्यांच्या माना वळल्या. सहादूचा पखवाज थांबला म्हणे.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी तुझ्या अण्णांनी तिची कपड्यांची पेटी बाहेर ठेवली. तेव्हापासून तेबी गायले नाय कधी."

आणि आम्हाला सांगितलं होतं की अण्णांचा घसा बसला! औषध घेत होते म्हणून!

मी विचारलं, "कुठे वारली आत्या? कुणी होतं का जवळ?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"वारली नाय. त्र्यंबकला हाय. एका धर्मशाळेत सयपाकाला. सहादू जातो कधीमधी, तो सांगतो."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. दोन्ही कान शाबूत असून! तीस किलोमीटरवर. माझी आत्या. तीस वर्षं. अण्णांनी तिचं सुतक कधी पाळलं नव्हतं — आता लक्षात येतंय. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला काय कळणार.

अण्णा, तुम्ही? ज्यांनी आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलं नाही ते तुम्ही?

१० डिसेंबर, पुन्हा

रवीला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ग्रॅनाइटची पाटी तयार हे. आमदारांची वेळ घेतलीय. आता हे कुठं काढत बसतीस?"

"अरे, आत्या जिवंत आहे!"

"मला आठवतसुद्धा नाय ती. मी चार वर्षांचा होतो." मग हळू आवाजात — "खरंच बाईचा आवाज हे? लाउडस्पीकरवर कळंल का कुणाला?"

फोन ठेवला.

११ डिसेंबर, गुरुवार

आज हेडफोन परत करायचा शेवटचा दिवस. पिशवीत घातला, सिटी बसने सीबीएस स्टँडला उतरले. एम. जी. रोड चालत पाच-सात मिनिटं. मी त्र्यंबकच्या गाडीत चढले.

धर्मशाळा शोधायला तासभर लागला. मागच्या अंगणात भांड्यांचा ढीग, आणि पाटावर बसून वाटाणे सोलणारी म्हातारी. केस पूर्ण पांढरे, पाठ ताठ. मी म्हटलं, "सुलाबाई?" तिने वर बघितलं आणि एकदम म्हणाली, "वाल्मीकची मंजी का तू? नाक तेच हे."

मला रडूच फुटलं. तिला नाही. तिने वाटाण्याची परात माझ्याकडे सरकवली. "सोल. रडता रडता हात चालू दे."

अण्णा गेले ते तिला सहादूकडून कळलं होतं. "नदीवर जाऊन आंघोळ केली," एवढंच म्हणाली.

मी सांगितलं की कॅसेट ऐकली, तुझा आवाज सापडला. तर म्हणते, "मी कुठं ऐकलीय ती. मला कोण देणार कॅसेट? अन् वाजवू कशावर?"

तिने स्वतःला कधीच ऐकलेलं नाही! पंचवीस-तीस गावांनी ऐकलं, हिने नाही.

हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. पांढऱ्या केसांवर तो काळा पट्टा. अभंग सुरू झाला आणि तिचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आता रडेल, आता रडेल. ती ओळ आली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"थांबव. मागं घे." घेतलं. पुन्हा ऐकलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा ऐकून हेडफोन काढला.

"इथं श्वास चुकलाय माझा. आधी घ्यायला पाहिजे होता."

एवढंच! तीस वर्षांनी पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून — श्वास चुकला!

मग मात्र हेडफोन पुन्हा घातला, आणि या खेपेला डावीकडे बोट दाखवून म्हणाली, "अन् हा वाल्मीक. बघ ना, माझी ओळ संपायच्या आत कसा हळूच येतो. मला एकटं पडू देत नाय." तेव्हा तिचे डोळे भरले.

मी म्हटलं, "आत्या, त्यांच्या वतीने मी माफी मागते. त्यांनी तुला घराबाहेर काढलं —"

"कुणी? वाल्मीकनं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तो तर न्यायला यायचा मला. तीनदा आला. हितंच बसायचा, या पायरीवर. मीच गेले नाय."

"का?"

"वाटाणे सोल," म्हणाली.

निघताना मी अठ्ठावीसला चल म्हटलं. "बघू," म्हणाली. गाडीत बसल्यावर रुद्रला फोन केला. "हेडफोन ठेवतेय." तो म्हणाला, "आवडला ना शेवटी?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

१२ डिसेंबर

अण्णांनी काढलं, तर अण्णा न्यायला का जायचे? पश्चात्ताप झाला असेल? मग आत्या आली का नाही?

आईला सांगितलं, भेटून आले. तिने एवढंच विचारलं, "भाकरी खाती का अजून? का दात गेले?"

गीझरच्या जागी अजून पातेलंच. सकाळी तिच्यासाठी दोन पातेली पाणी जास्त तापवलं.

१३ डिसेंबर

पायलचं सगळं काम पूर्ण करून पाठवलं. एक चूक नाही. आनंद होत नाहीये.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हेडफोन काढायला लावला. म्हणाली, "रवीला फोन लाव. पाटीवर दोघांचं नाव टाक म्हणावं. नायतर मी येणार नाय."

मी म्हटलं, "आई, अण्णांनी —"

"अण्णांनी नाय. पेटी मी ठेवली होती बाहेर." आवाज अगदी साधा. "ते दोघं गायला बसले की मला त्या घरात जागाच राहायची नाय गं. ते आणायला निघाले की मी म्हणायचे, ती आली तर मी पोरं घेऊन विहिरीत जाईन. तीनदा म्हणाले मी. वन्संलाबी ते ठाऊक होतं."