गवार मोडत शिकलेला पोलिश शब्द

आई, आज गवार मोडायला घेतली आणि तिकडे आखातात, उम्म अल हस्सम वस्तीतलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तोंड उघडलं की पहिलंच अक्षर अडायचं. हजेरीला ‘प्रेझेंट’ निघेपर्यंत बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या आणि वर्ग खिदळत असायचा. शेवटी मी बोलणंच सोडलं. जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीतून दमून आलेले बाबा एकदा म्हणाले, “इथे ही मुकीच राहील. सुट्टीत गेलो की मामाकडे ठेवून येऊ. गावच्या शाळेत तरी बोलेल.”  मला तुझ्याशिवाय कुठेच राहायचं नव्हतं.

खालच्या मजल्यावर पोलंडची बाई राहायची, नवरा बाबांच्याच गोदीत इंजिनियर. तिचं इंग्रजी तुटकं, तुझं त्याहून तुटकं, त्यामुळे तुमचं छान जमायचं. नवऱ्याची पन्नाशी जवळ आली, तेव्हा ‘पन्नास वर्षांचा’ला त्यांच्यात काय म्हणतात ते ती सांगते आहे आणि तुला हसू आवरत नाही. केवढा लांबलचक शब्द! तिने उलगडून दाखवलं: आधी पाच, मग दहा, मग वर्ष, शेवटी आपल्या ‘चा’सारखं शेपूट, सगळं एकाच विशेषणात. तू लगेच एक शेंग घेऊन त्या जोडांवर मोडायला लागलीस. “नो, नो,” ती म्हणाली. अर्थाचे सांधे वेगळे, जिभेचे वेगळे. मग एकेका तुकड्याला एकेक उच्चार करत तिनेच शेंग मोडली: प्येंच-जे-शें-चो-लेत-नी.

तू परात माझ्यापुढे सरकवलीस. “म्हण. चुकलीस तर चुकलीस. इथे कुणाच्या बापाला येतोय हा शब्द?”

मी शेंग मोडत म्हटला. कुठेच अडला नाही! मला रडूच आलं. पुढे रोज गवार. बाबा वैतागले, “अगं, ती गवार खलास होणार आहे की नाही?”

वाढदिवसाला खालच्या घरी बरीच माणसं होती. मी हात पाठीमागे नेले, नसलेली शेंग मोडली आणि तो अख्खा शब्द सगळ्यांसमोर म्हटला. तिचा नवरा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. बाबा बघतच राहिले. जिना चढताना तू त्यांना म्हणालीस, “मामाला कळवून टाका, पोरगी येत नाही म्हणून.” बाबांनी मान डोलावली.

आता मी बँकेत दिवसभर फोनवर बोलते. टेबलाखाली बोटं कधीकधी चालतात, कुणाला दिसत नाहीत. तू गेल्याला इतकी वर्षं झाली. हे कुठे पाठवायचं नाही, खरं तर लिहायचंही नव्हतं. मघाशी स्वयंपाकघरात एकटीच होते, मोठ्याने बोलावं म्हटलं तुझ्याशी. शेंगही मोडून पाहिली. पण तुला हाक मारायचा तो शब्द अजून अडतो. लिहिताना तेवढा अडत नाही.