धनेशाची पाठ

प्रिय यशोवर्धन,

तुझ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग काल माझ्या होसकोटेच्या कारखान्यात आला. मी खोकी बनवणारा माणूस, आधी कागदच वाजवून बघितला. सुरेख वाजतो! मग चित्रं. दीडशे वर्षांपूर्वी छापून हातानं रंगवलेले वाघ, अस्वलं, मोर. आणि मुखपृष्ठावर मोठ्या चोचीचा धनेश पक्षी.

आपली ओळख या जुन्या चित्रांच्या नादातूनच झाली ना? चिकपेटेच्या बाजारात, दुकानात साड्यांच्या घड्या घालायचो मी. पुढं स्वतःचा धंदा उभा राहिला आणि एका जुन्या दुकानात हे चित्र दिसलं. ढोलीत स्वतःला कोंडून घेतलेली मादी आणि फटीतून तिला फळ भरवणारा नर. त्याचा लाल डोळा थेट आपल्याकडे बघणारा. कुणा गोऱ्या साहेबाच्या पुस्तकातलं पान आहे, हे तूच सांगितलंस. तेव्हापासून तू माझा गुरू. चित्र घरी आणलं तो दसऱ्यातल्या आयुधपूजेचा दिवस. प्रमोदिनीनं स्कूटरला, मिक्सरला, शिलाई मशीनला हळदकुंकू लावलं आणि चित्राकडे वळली. मी ओरडलो, अगं, रंग बिघडेल! तर म्हणाली, बरं, पाठीला लावते, पाठ कोण बघतंय? कुंकवाची तीन बोटं उमटली.

नंतर काचेच्या आत ओल धरली. तू म्हणालास, चंद्रू, दे इकडं, साफ करून आणतो. तेव्हा प्रमोदिनी अंथरुणाला खिळली होती. धनेश तिच्या समोरच्या भिंतीवर असायचा. मी इडली भरवायला बसलो की म्हणायची, मी ढोलीतली, तुम्ही चोचीतून आणा, स्वल्प स्वल्प. तू चित्र परत आणलंस. मी कागद हातात धरून हलवला. जुना कागद कडक वाजतो रे. हा नुसता फुसफुसला. पाठ कोरी. शेजारच्या खोलीत तू फोनवर कुणाला तरी सांगत होतास, नक्कल खपली, खोकीवाल्याला काय कळतंय. माझे कान तिखट आहेत, हे तुला कधी कळलंच नाही.

मी काय म्हणालो? सरी सरी, ठीक, झकास झालं! जाब विचारला असता तर, धुतल्यावर डाग जाणारच, म्हणाला असतास. पण प्रमोदिनीला कोण फसवणार? टक लावून बघायची आणि विचारायची, अहो, हा आता माझ्याकडे बघत का नाही? मी म्हणायचो, चष्मा बदलायला हवा. शेवटच्या दिवशीही तिनं भिंतीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर तुला कितीदा जेवू घातलं, आठवतं? पानात पुरणाची होळिगे वाढता वाढता मीच म्हणालो ना, एवढा संग्रह घरात काय कुजवतोस, प्रदर्शन भरव! वर युक्तीही दिली, कॅटलॉगात चित्रांच्या पाठीही छाप, खरा जाणकार पाठ बघतो. तुला ते लगेच पटलं. धनेशाची पाठ तर पानभर छापलीस! खाली लिहिलंस, ‘तांबूस डाग कागदाच्या वयाचे, अस्सलपणाची नैसर्गिक खूण.’ अरे, या गावात दसऱ्याला रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळं कुंकवानं माखतं. तिथं तू जन्म काढलास आणि कुंकू ओळखलं नाहीस! डाग दिसला की तुला म्हातारा कागद दिसतो. कुणाची बायको दिसत नाही.

आता वर बघू नकोस. हे पाकीट तुझ्या गुच्छात मीच ठेवायला लावलंय. तू व्यासपीठावर बसलायस, संयोजक सुप्रीताचं प्रास्ताविक चाललंय आणि ते नेहमीसारखं लांबणार, तेवढ्यात तुझं वाचून होईल. तिच्यानंतर प्रमुख पाहुणा म्हणून मी. मागच्या पडद्याचा कॉम्प्युटर माझ्या मुलीकडे, गौरीकडे आहे. त्या आयुधपूजेला तिनं आईचा फोटो काढला होता. चित्राच्या पाठीवर टेकलेली तीन बोटं स्पष्ट दिसतात. तो फोटो आणि तुझं पान शेजारीशेजारी झळकतील. तुला सावरायला किंवा माफी मागायला वेळ मिळावा म्हणून हे लिहिलेलं नाही. मी माईककडे चालत येताना काय होणार ते तुला कळलेलं असावं आणि सगळ्यांसमोर जागचं हलता येऊ नये, एवढ्यासाठीच लिहिलं. बस, ढोलीत बसल्यासारखा. धनेश आज माझ्याबरोबर घरी येतोय. माझं नाव पुकारलं की टाळ्या मात्र वाजव.

तुझाच,
खोकीवाला चंद्रकांत